नमुन्याचं पान आणि लोखंडी नांगर

फ्रँकफर्टमध्ये राहत असाल तर रॉसमार्क्टवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. तिथल्या मोठ्या स्मारकावर तीन माणसं उभी आहेत. मधला गुटेनबर्ग, हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरा योहान फुस्ट, त्याला कर्ज देणारा. तिसरा पेटर शॉफर, त्याच्या छापखान्यातला माणूस, जो पुढे फुस्टचा भागीदार आणि जावई झाला. या तिघांत कोर्टकज्जा झाला होता, आणि तरी तिघं एकाच चौथऱ्यावर! तुम्ही घरून फराळ विकायचा किंवा मराठीच्या शिकवण्या घ्यायचा विचार करत असाल आणि जाहिरातीला पैसे नसतील, तर या तिघांची गोष्ट कामाची आहे.

ऑक्टोबर १४५४. फ्रँकफर्टमध्ये साम्राज्याची सभा भरली होती. तिथे एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी हा मुत्सद्दी आला होता, जो पुढे पोप झाला. मार्च १४५५ मध्ये त्याने एका कार्डिनलला पत्र लिहिलं. अख्खं बायबल त्याने पाहिलं नव्हतं, नुसते काही छापील फर्मे पाहिले होते. अक्षर इतकं स्वच्छ की तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येईल, असं तो लिहितो. प्रती किती? कोणी १५८ सांगितल्या, कोणी १८०. आणि काम पुरं व्हायच्या आत सगळ्यांना गिऱ्हाईक मिळालं होतं म्हणे.

फर्मे कोणी दाखवले, त्याचं नाव पत्रात नाही. पण खर्च बघा. जी पानं छापायचीच होती, तीच योग्य गर्दीत नेऊन लोकांच्या हातात दिली. छपाई म्हणजे काय हे ज्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्यांची शंका दोन मिनिटांत फिटली.

आणि तरीही गुटेनबर्ग अडकला. फुस्टने त्याला दोनदा आठआठशे गुल्डन दिले होते. १४५५ मध्ये त्याने दावा लावला आणि व्याजासकट २,०२६ गुल्डन मागितले. बायबलचा छापखाना फुस्टच्या हाती गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून हे झालं नाही. कागद, चामडं आणि मजुरी यांचे पैसे आधी गेले, विक्रीचे यायचे होते. मला तरी यात जाहिरातीची चूक दिसत नाही, चूक हिशेबाची.

शॉफर मात्र धडा शिकलेला दिसतो. १४७० च्या सुमारास त्याने पुस्तकांच्या यादीचं एकपानी पत्रक काढलं. तळाशी एक ओळ मोठ्या टाइपात, अक्षराचा नमुना म्हणून. विक्रेता कोणत्या खानावळीत उतरलाय ते हाताने लिहायचं, म्हणजे तेच पत्रक गावोगाव चालतं. म्युनिकमध्ये उरलेल्या प्रतीवर 'रानटी माणूस' या खानावळीचं नाव लिहिलेलं आहे.

लोकांनी कधी न पाहिलेली वस्तू आणि रिकामा खिसा, हाच पेच पुढे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना पडला. १८८८ मध्ये त्यांनी आणि भाऊ रामूअण्णांनी सायकलींचं दुकान काढलं. सायकल चांगली आहे का, ही गिऱ्हाइकाची शंका नव्हतीच. मला चालवता येईल का, ही होती. म्हणून ते सायकल चालवायला शिकवायचेही. पण लोखंडी नांगर आला तेव्हा ही युक्ती पुरेना. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणायचे. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. साहजिकच आहे. छापील पान बघून लगेच पटतं. जमिनीचं काय झालं ते हंगाम सरल्यावरच कळतं.

स्वस्त जाहिरातीची खरी किंमत इथे दडलीय. गिऱ्हाइकाची शंका फिटायला जितके दिवस, तितके दिवस तुम्हाला तग धरावा लागतो. चकलीचा एक तुकडा तोंडात टाकला की झालं, म्हणून दिवाळीआधीच्या मंडळाच्या कार्यक्रमात एक ताट फिरवणं पुरतं. शिकवणीचं तसं नाही. मूल आजीशी फोनवर मराठीत बोलायला लागलं की मगच आईबाबा चार जणांना सांगतात, आणि तोवर महिने जातात. तेवढ्या महिन्यांचं जागेचं भाडं आधी बाजूला काढा, मग पत्रकाचा कागद निवडा.

किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तिथून १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची, एवढाच मूळ हेतू. पण लोक बाकीचा मजकूरच आवडीने वाचायला लागले, आणि माहितीपत्रकाचं मासिक होऊन बसलं. १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' निघालं. त्यात नांगर विकायचा नव्हता.