गुलाबाच्या वेलीचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. गुलाबाच्या वेलीला मात्र ती लागू पडत नाहीं. श्रोतेहो, तिचें कूळ न विचारतां जो गृहस्थ ती दारीं लावतो, त्याच्या वाट्याला बहुधा पानें येतात, कांटे येतात. फुलें येत नाहींत.

मुलुंडकरांना हा विचार विशेष अगत्याचा आहे. १९२२ सालीं क्राउन आणि कार्टर या वास्तुशिल्पज्ञांनीं मुलुंडची आखणी केली, आणि स्टेशनापासून पांच रस्त्यापर्यंत सरळ रस्त्यांचे चौकोन पडले. घराभोंवतीं आवार आणि आवाराला फाटक असलें, कीं फाटकावर फुलांची कमान असावी, ही इच्छा ओघानेंच येते. आज अनेक बंगल्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. ती इच्छा आतां गच्चीवर चढली आहे, इतकेंच.

परंतु विलायती चित्रांत दिसणाऱ्या अशा कमानींवरील वेली दोन निरनिराळ्या घराण्यांतल्या असतात, आणि हें चित्र पाहून समजत नाहीं.

पहिलें घराणें थंडीचें. १८९३ सालीं जपानांतून आलेली 'क्रिम्सन रॅम्बलर' ही वेल इंग्लंडांत विक्रीस आली, आणि १९०१ सालीं अमेरिकेंत 'डोरोथी पर्किन्स' निघाली. या वेली वर्षांतून एकदांच, मागील वर्षाच्या फांद्यांवर फुलतात, आणि त्यापूर्वीं त्यांना हिवाळ्याची विश्रांति लागते. आपल्या कोंकणपट्टीच्या हवेंत ती मिळत नाहीं.

दुसरें घराणें उबदार देशांचें. अठराव्या शतकाच्या अखेरीस बारमाही फुलणारे चिनी गुलाब युरोपांत पोंचले. वाटेंत कलकत्त्याचें बंदर लागे, म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणूं लागले. पण हीं झुडपें ठेंगणीं होतीं. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील चार्ल्स्टन येथें, जॉन चँपनीज नांवाच्या भातशेतीच्या जमीनदाराकडे, चिनी गुलाब आणि कस्तुरी गुलाब यांच्या संकरांतून एक वेल जन्मली. फिलिप न्वाझेत यानें तिच्यापासून नवें रोप तयार करून पॅरिसमधील आपल्या भावाकडे पाठविलें. म्हणून या कुळाला न्वाझेत हें नांव पडलें. १८६४ सालची पिवळी 'मारेशाल नील' याच कुळांतली. थंडीला ती इतकी भिते कीं इंग्लंडांत तिला कांचघरांत वाढवीत.

चहागुलाबांचें, म्हणजे टी-रोजचें, आजोळही जवळच आहे. त्यांचा पूर्वज मानला जाणारा प्रचंड रानगुलाब १८८२ सालीं जॉर्ज वॅट यांना मणिपूरच्या डोंगरांत आढळला. त्याचाच संकर करून उष्ण प्रदेशासाठीं नवे वाण काढण्याचें काम कोडाईकनाल येथें एम. एस. विराराघवन यांनीं केलें.

मग बारमाही गुलाब ठेंगणा आणि उंच वेल एकदांच फुलणारी, असें कां? २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें याचा उलगडा केला. फुलणें रोखून धरणारा एक जनुक गुलाबांत असतो. बारमाही गुलाबांत त्याच्यामध्यें परका तुकडा घुसल्यानें तो निकामी झालेला असतो. जुन्या चिनी गुलाबाच्या एका झुडपांतून हा तुकडा बहुतांशीं निघून गेला, तेव्हां त्याची वेल झाली. पण बारमाही बहर गेला. उंची आणि बहर यांचें असें जुनें वांकडें आहे. म्हणून वीस फुटांचा हव्यास सोडून आठ-दहा फूट चढणारी, चहागुलाबाच्या किंवा न्वाझेतच्या कुळांतली वेल पत्करावी. रोपवाटिकेंत रंगाआधीं कूळ विचारावें.

लावणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरांत करावी. येथें वर्षाला सुमारें शंभर इंच पाऊस पडतो, म्हणून वाफा वीतभर उंच ठेवावा. मुळांशीं पाणी सांचलें तर वेल वांचत नाहीं. दिवसाचें पांच-सहा तास ऊन हवें. काकडीच्या वेलासारखे तणावे हिला नसतात. आंकडीदार कांट्यांनीं ती दुसऱ्या झाडावर रेलते, म्हणून आपणच तिला सैल बांधावें. फांदी उभी ठेवली तर फूल शेंड्यालाच येतें. आडवी वांकवून बांधली म्हणजे डोळ्याडोळ्याला फुटवा येऊन फूल धरतें. कलमाच्या डोळ्याखालून, खुंटाला फुटणारा धुमारा दिसतांच काढून टाकावा. मुख्य फांद्यांना मात्र पहिलीं दोन वर्षें कात्री लावूं नये. तेवढा धीर धरणें भाग आहे.