वन्य ॲस्टरांचा जातिनिर्णय : नमुना, नाव आणि पुरावा

मूळ प्रत उपलब्ध नसताना केवळ नकलांवरून एखाद्या ग्रंथाचा पाठ निश्चित करणे किती अवघड असते, हे इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको. वनस्पतींच्या जाती निश्चित करण्याच्या कामातही हाच प्रसंग वारंवार उद्भवतो. उत्तर अमेरिकेतील वन्य ॲस्टरांचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण होय. या सदृश जाती परस्परांपासून वेगळ्या ओळखण्याचे काम जितके निरीक्षणाचे, तितकेच दस्तऐवजांच्या चिकित्सेचेही होते, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. ॲस्टरचे ज्यास आपण फूल म्हणतो, ते वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचे स्तबक असते. मध्यभागी बिंबपुष्पके, कडेने पाकळ्यांसारखी दिसणारी किरणपुष्पके आणि खाली हिरव्या छदांचे मंडल, ही रचना बहुतेक सर्व जातींत सारखीच आढळते. शिवाय एकाच जातीच्या झाडांत उंची, पानांचा आकार व किरणांचा रंग जागेनुसार बदलतो. त्यामुळे डोळ्यांत भरणारी लक्षणे बहुधा निरुपयोगी ठरतात आणि निर्णय छदांची टोके, पानांचे तळ व खोडावरील लव अशा सूक्ष्म लक्षणांवर येऊन ठेपतो.

लिनीअसने १७५३ साली ॲस्टर या वंशाची व्याप्ती फार मोठी ठेवली होती. आपल्याकडील फुलबाजारात ॲस्टर म्हणून विकले जाणारे फूलही त्याने ॲस्टर चायनेन्सिस या नावाने त्यातच घातले होते. आज ते कॅलिस्टेफस या निराळ्या वंशात मोडते. उलटपक्षी, आज जिला ॲस्टरांच्या समूहात निःशंकपणे स्थान आहे, अशी एक अमेरिकन जाती त्याने सॉलिडॅगो लॅटेरिफ्लोरा या नावाने सोनसळी फुलांच्या सॉलिडॅगो वंशात ठेवली. तिचे ते विशेषण ॲस्टर या वंशनामाशी ब्रिटन याने १८८९ मध्ये जोडले.

यापेक्षाही गंभीर अडचण आधारसामग्रीची होती. त्या काळी वर्णिलेले कित्येक अमेरिकन ॲस्टर युरोपातील उद्यानांत वाढविलेले होते. ॲस्टर नोव्ही-बेल्जाय या नावाचे मूळ पॉल हर्मन याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लायडन येथील उद्यानाच्या सूचीत सापडते. त्यातील ‘नवे बेल्जियम’ म्हणजे आजच्या न्यूयॉर्कच्या परिसरातील पूर्वीची डच वसाहत. विल्यम एटन याने १७८९ मध्ये क्यू येथील उद्यानाची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यातही अशा वनस्पतींना नावे मिळाली. उद्यानातील खतपाण्याने झाडाचे रूप पालटते, शेजारी लावलेल्या जातींचा संकर होतो आणि बी मूळ कोठून आले याची नोंद राहत नाही. अशा झाडावर आधारलेले नाव रानातील कोणत्या झाडास लावावे, हा प्रश्न मग केवळ रानात हिंडून सुटत नाही.

हे एसा ग्रे याने पुरेपूर ओळखले होते. हार्वर्ड येथील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८०-८१ च्या युरोपच्या प्रवासात जुन्या संग्रहांतील ॲस्टर व सॉलिडॅगो यांचे मूळ नमुने तपासले आणि त्याचे निष्कर्ष १८८२ मध्ये स्वतंत्र लेखात मांडले. दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील त्याच्या ग्रंथाचा संबंधित भाग प्रसिद्ध झाला. या वंशाविषयी त्याने खासगी पत्रांत काढलेले वैतागाचे उद्गार प्रसिद्ध आहेत. परंतु त्या वैतागापेक्षा त्याची पद्धती अधिक महत्त्वाची आहे: आधी नावाचा आधार कोणता नमुना आहे ते पाहावे आणि मग त्या नावाची व्याप्ती ठरवावी.

ग्रे याच्यानंतर मतभेद मिटले नाहीत. बर्जेस याने १९०६ मध्ये रुंद पानांच्या ॲस्टरांवर मोठा ग्रंथ लिहून लहानसहान फरकांवरून अनेक नव्या जाती कल्पिल्या. त्यांपैकी बहुतेक पुढे मोजक्या जातींत विलीन करण्यात आल्या. वीगंड याने १९२८ व १९३३ मध्ये दोन कठीण गटांची छाननी केली. त्यातील एका जातीच्या नावाची कथा उद्बोधक आहे. वीगंड तिला ॲस्टर पॅनिक्युलेटस म्हणे. फर्नल्ड याने १९५० मध्ये तिला ॲस्टर सिंप्लेक्स म्हटले. आज तिला लान्सिओलेटम हे विशेषण लावतात. लामार्कने दिलेले पॅनिक्युलेटस हे नाव मिलर याने आधीच दुसऱ्या झाडास दिले असल्याने नियमानुसार ग्राह्य धरता येत नाही. जुनी स्थलसूची वाचताना ही तीन नावे तीन जातींची समजण्याचा धोका उघड आहे.

गुणसूत्रांच्या अभ्यासाने या गोंधळाचे एक नैसर्गिक कारणही समोर आले. लान्सिओलेटम जातीत गुणसूत्रांची संख्या ३२ पासून ६४ पर्यंत आढळते. असे बहुगुणितत्व आणि त्यास मिळालेली संकराची जोड यांमुळे जातींच्या सीमा काही ठिकाणी खरोखरच पुसट असतात. म्हणजे पूर्वसूरींचे मतभेद हे सर्वस्वी निष्काळजीपणाचे फळ नव्हते. याउलट नोव्ही-अँग्ली व नोव्ही-बेल्जाय या जाती उद्यानात सारख्या भासल्या, तरी पहिलीत गुणसूत्रे १० व दुसरीत सामान्यतः ४८ असतात. आणि पहिलीच्या छदांवरील ग्रंथियुक्त लव साध्या भिंगाने दिसते, दुसरीत ती नसते.

पुढे नेसम याने १९९४ मध्ये जुन्या ॲस्टर वंशाचे विभाजन केले. बहुसंख्य अमेरिकन जाती सिंफिओट्रायकम, युरिबिया इत्यादी वंशांत गेल्या. नॉइज व रीझबर्ग यांनी १९९९ मध्ये डीएनएच्या आधारे अमेरिकन समूहाची वाट युरेशियातील ॲस्टरांहून वेगळी असल्याचे दाखविले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेच्या वनस्पतिकोशाने ही मांडणी स्वीकारली. तीनुसार त्या खंडातील मूळचा खरा ॲस्टर म्हणून केवळ ॲस्टर अल्पिनस उरला.

तथापि, वंशांची नावे पालटली तरी रानात जाती ओळखण्याची लक्षणे सूक्ष्म आकारिकीचीच राहिली. लॅटेरिफ्लोरम जातीत बिंबपुष्पकाच्या पाळ्या खोल कापलेल्या व मागे वळलेल्या असतात आणि पानाखाली मध्यशिरेवर लव असते. लान्सिओलेटममध्ये पाळ्या उथळ असतात. कॉर्डिफोलियमच्या देठास पंख बहुधा नसतात, ड्रमंडायच्या देठास ते असतात. युरिबिया मॅक्रोफिलाच्या पुष्पवृंतावर ग्रंथी असतात, डायव्हॅरिकेटाच्या वृंतावर नसतात.

यावरून संशोधकास एक व्यावहारिक बोध घेता येतो. नवीन प्रकारचा पुरावा जुन्यास रद्द करीत नाही. तो जुन्या नमुन्याशी जोडला गेला, तरच त्यास अर्थ येतो. ज्या झाडाची गुणसूत्रे मोजली वा डीएनए तपासले, त्याचा वाळविलेला नमुना संग्रहात नसेल, तर ती मोजणी कोणत्या जातीची, हे पुढे नाव बदलल्यावर सांगता येणार नाही. म्हणून नमुन्यात तळाची पाने असावीत, किरणांचा ताजा रंग लिहून ठेवावा आणि स्थळ व दिनांक यांची नोंद चुकू नये. ग्रे यास लंडन व पॅरिस येथील संग्रह धुंडाळावे लागले, ते नेमक्या अशाच नोंदींच्या अभावी.