व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्ती व्यवसाय
व्हॅक्यूम क्लीनर (निर्वात संमार्जक) दुरुस्त करण्याचा लहान, स्वतंत्र धंदा यंत्राची मालकी घरोघरी गेल्यावर उदयास आला. ब्रिटिश अभियंते ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये एकस्व घेतलेले अवजड यंत्र घोडागाडीवरून नेत व रस्त्यावर उभे करून त्याच्या नळ्या खिडक्यांतून आत सोडीत. ग्राहक केवळ सफाईचे पैसे देई. यंत्राची निगा व्यावसायिकच राखी. अमेरिकेत जेम्स मरी स्पँग्लर यांच्या सुवाह्य विद्युत् यंत्राला १९०८ मध्ये एकस्व मिळाले. विल्यम हूव्हर यांच्या कंपनीने त्याचा प्रसार केला आणि बिघाडाचा भार गृहस्थावर आला. भारतात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या, मुंबईच्या युरेका फोर्ब्ज कंपनीने दारोदार विक्री करून हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत नेले.

मोटरीतील कार्बन ब्रश झिजणे, धारवे खराब होणे व नळीस चीर पडणे हे नेहमीचे बिघाड होत. अनेक यंत्रांत आत ओढलेली हवाच मोटरीला थंड ठेवते. त्यामुळे धूळपिशवी तुंबल्यास मोटर जळू शकते. ब्रश बदलणे सोपे व स्वल्प खर्चाचे असते. मात्र सुटा भागच न मिळाल्यास कुशल कारागीरही निरुपाय होतो. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यावर गृहोपयोगी उपकरणांचाही समावेश आहे. तथापि माहितीबरोबरच सुटे भाग रास्त दरात मिळणे, यावरच या धंद्याचे अस्तित्व अवलंबून असते.