आम्लरोधी जीवाणूंची प्रयोगशाळेतील ओळख

मायकोबॅक्टेरियम प्रजातीतील आणि तिच्या जवळचे काही जीवाणू एकदा रंगले की तीव्र आम्लाने धुतले तरी रंग सोडत नाहीत. त्यांना आम्लरोधी जीवाणू म्हणतात. प्रयोगशाळांच्या बोलीत ‘ए. एफ. बी.’. क्षय आणि कुष्ठरोग यांचे जंतू याच गटातले. या गुणावरून गट हेरणे आणि हेरलेला जीवाणू नेमका कोणत्या जातीचा ते ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. रंगकामातून जीवाणूचे कुळ कळते, नाव कळत नाही.

रोबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्यांच्या रीतीत अल्कलीयुक्त मिथिलीन ब्ल्यू या रंगात काचपट्टी चोवीस तास ठेवावी लागे. त्याच वर्षी पाउल एर्लिख यांनी ॲनिलीन मिसळलेला रंग वापरला आणि नंतर नायट्रिक आम्लाने धुऊन पाहिले. बाकी सारे फिके पडले, क्षयजंतू मात्र रंगीत राहिले. पुढे फ्रांत्स झील यांनी ॲनिलीनच्या जागी कार्बॉलिक आम्ल आणले आणि फ्रीडरिख नील्सन यांनी १८८३ मध्ये कार्बॉलिक आम्लातील फुक्सिन व गंधकाम्ल अशी जोडी बसवली. ‘झेड. एन.’ म्हणून आज ओळखले जाते ते हेच रंगकाम.

रंग टिकण्याचे कारण पेशीभित्तीत आहे. मायकोबॅक्टेरियांच्या भित्तीत मायकोलिक आम्ले असतात; त्यांच्या साखळ्या साधारण ६० ते ९० कार्बन अणूंच्या. या मेणचट थरातून रंग सहजी आत शिरत नाही, म्हणून कार्बॉलिक आम्ल (फिनॉल) आणि उष्णता यांची मदत घ्यावी लागते. पण शिरलेला रंग आम्लालाही बाहेर काढता येत नाही. नोकार्डियाच्या साखळ्या याहून आखूड असतात आणि तो अर्धवटच आम्लरोधी असतो. म्हणून धुण्याच्या आम्लाची तीव्रता हाच ओळखीचा पहिला धागा ठरतो. भारतात क्षयजंतूसाठी २५ टक्के गंधकाम्ल वापरतात, कुष्ठजंतूसाठी ५ टक्के आणि नोकार्डियासाठी सुमारे १ टक्का. फांद्या फुटलेले तंतू दिसले आणि ते सौम्य आम्लातच टिकले, तर संशय नोकार्डियावर जातो. शौचाच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींच्या युग्मपुटीही याच रंगाने लाल दिसतात. ते जीवाणू नव्हेतच.

प्रत्यक्ष कृती साधी आहे, बिघडते ती घाईने. बेडक्यातला पिवळसर, घट्ट भाग काचपट्टीवर पसरून वाळवतात व आचेवर स्थिर करतात. त्यावर कार्बॉल फुक्सिन ओतून वाफ निघेपर्यंत तापवतात. उकळू देत नाहीत. पाच मिनिटांनी पाण्याने धुऊन आम्ल, पुन्हा पाणी, शेवटी मिथिलीन ब्ल्यू. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. शंभरपट वस्तुभिंगाखाली तेल घालून १०० क्षेत्रे पाहायची असतात. या क्षेत्रांत मिळून १ ते ९ जंतू असतील तर ‘स्कँटी’, १० ते ९९ असतील तर १+, दर क्षेत्रात १ ते १० असतील तर २+ आणि १० हून अधिक असतील तर ३+. ‘निगेटिव्ह’ लिहिण्यासाठी शंभरही क्षेत्रे पाहावी लागतात. दुपारपर्यंत वीस-पंचवीस पट्ट्या पाहून डोळे थकलेल्या तंत्रज्ञाकडून चुकते ते नेमके येथे.

या तपासणीची मर्यादा मोठी आहे. एका मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय ते पट्टीवर सापडत नाहीत. ऑरामीन रंग आणि एल. ई. डी. दिव्याचा प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक वापरल्यास जंतू काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात, कमी शक्तीच्या भिंगाने भराभर पाहता येतात आणि संवेदनशीलताही थोडी वाढते. कुळ-नावाचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

हा प्रश्न किती दूर नेऊ शकतो याचे उदाहरण व्हिएन्नात घडले. झिगमुंट लुस्टगार्टेन यांनी १८८४ मध्ये उपदंशाच्या व्रणांत एक आम्लरोधी काडी पाहिली आणि तिला त्या रोगाचा जंतू ठरवले. वर्षभरातच आल्वारेझ आणि टावेल यांनी तशीच काडी निरोगी माणसांच्या जननेंद्रियांवरील स्रावातही दाखवली. ती आजची मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. उपदंशाचा खरा जंतू १९०५ मध्ये सापडला, आणि तो आम्लरोधी नाही. लघवीच्या पट्टीत लाल काड्या दिसल्या म्हणून मूत्रपिंडाचा क्षय असे आजही म्हणता येत नाही, त्यामागचे एक कारण हेच. नळाच्या पाण्यातही मायकोबॅक्टेरियम गोर्डोनी राहते. रंगद्रव्य त्या पाण्यात बनवले, तर रुग्णाचा नव्हे, नळाचा जंतू पट्टीवर येतो.

नाव ठरवायचे तर जंतू वाढवावा लागतो. आधी नमुना सोडिअम हायड्रॉक्साइडने, बहुधा एन-ॲसिटिल सिस्टीनची जोड देऊन, शुद्ध करतात; म्हणजे इतर जंतू मरतात, क्षयजंतू बरेचसे वाचतात. एखाद्या प्रयोगशाळेत एकही नळी दूषित होत नसेल तर ते कौतुकाचे नव्हे, तेथे क्षयजंतूही मारले जात असण्याचा संभव अधिक. मग लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर पेरणी होते. अंडी, ग्लिसरॉल, ॲस्परजिन आणि मॅलाकाइट ग्रीन यांचे हे हिरवे, तिरके गोठवलेले माध्यम. क्षयजंतू दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास घेतो, त्यामुळे वसाहती तीन ते आठ आठवड्यांनी दिसतात : खरखरीत, कोरड्या, फिकट पिवळसर. द्रव माध्यमाच्या एम. जी. आय. टी. नळीत तळाशी ऑक्सिजनला संवेदनशील प्रतिदीप्त द्रव्य असते. जंतूंनी ऑक्सिजन संपवला की ते चमकते. ४२ दिवस चमक न आल्यास नळी निगेटिव्ह धरतात.

वाढलेल्या जंतूची ओळख पूर्वी रासायनिक चाचण्यांनी होई. क्षयजंतू नायसिन साठवतो, नायट्रेटचे क्षपण करतो, ६८° से. तापमानानंतर त्याचे कॅटालेज निकामी होते आणि पॅरा-नायट्रोबेंझोइक आम्ल घातलेल्या माध्यमावर तो वाढत नाही. आता बहुतेक ठिकाणी एम. पी. टी. ६४ हे प्रथिन ओळखणारी पट्टी पंधरा मिनिटांत हे काम करते. बाकीच्या जातींची विभागणी अर्नेस्ट रनियन यांनी १९५९ मध्ये चार गटांत केली : प्रकाशात रंग धरणाऱ्या, अंधारातही रंगीत असणाऱ्या, रंगहीन आणि सात दिवसांच्या आत वाढणाऱ्या. वर्गीकरण म्हणून ते मागे पडले आहे, पण वसाहतीकडे पाहण्याची रीत म्हणून अजून उपयोगी आहे. शेवटच्या गटातील ॲबसेसस आणि किलोनी या जाती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या जागी वाहत्या गाठी करतात. ‘ए. एफ. बी. पॉझिटिव्ह’ एवढ्यावर क्षयाची औषधे सुरू केली तर अशा रुग्णाला गुण येत नाही, कारण या जाती त्या औषधांना दाद देत नाहीत. उलटपक्षी, बेडक्यात एकदाच सापडलेली पर्यावरणीय जाती म्हणजे रोग नव्हे. किमान दोन स्वतंत्र नमुन्यांत तीच जाती मिळावी लागते.

कुष्ठजंतूची गोष्ट निराळी. तो कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे आणि वसंत रामजी खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक आम्लरोधी जंतू वाढवला, तो ‘आय. सी. आर. सी. बॅसिलस’. पुढील अभ्यासात तो एव्हियम-इंट्रासेल्युलारे समूहातील ठरला. त्यावरून कुष्ठरोगाची एक लस मात्र तयार झाली. चार्ल्स शेपर्ड यांनी १९६० मध्ये कुष्ठजंतू उंदराच्या पंजात वाढवून दाखवला. रोजच्या निदानात त्वचेला बारीक छेद देऊन खरवडलेल्या द्रावातील जंतू मोजतात आणि ० ते ६+ अशी श्रेणी देतात.

जनुकीय चाचण्यांनी आठवड्यांचे काम तासांवर आणले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिलेली एक्सपर्ट चाचणी सुमारे दोन तासांत क्षयजंतू आणि आर. पी. ओ. बी. जनुकातील बदलांवरून रिफॅम्पिसिनला असलेला रोध दोन्ही सांगते. गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही विद्युतघटावर चालणारी चाचणी २०२० मध्ये संघटनेच्या शिफारशीत आली. या चाचण्याही समूहापर्यंतच पोचतात. एक्सपर्टने मानवी क्षयजंतू, गाईगुरांचा बोव्हिस आणि बी. सी. जी. लशीचा जंतू वेगळे होत नाहीत. बोव्हिस जन्मतःच पायराझिनामाइडला दाद देत नसल्याने हा फरक उपचारात महत्त्वाचा असतो. शिवाय मेलेल्या जंतूचा डी. एन. ए. औषधे सुरू झाल्यावरही बराच काळ सापडत राहतो. म्हणून उपचार चालू असलेल्या रुग्णाची प्रगती या यंत्रांवर पाहत नाहीत; पट्टीवरील जंतूंची संख्या घटते का ते पाहतात, आणि ते जिवंत आहेत का याचा निवाडा संवर्धाच्या नळीवरच होतो.