धुण्याचा सोडा आणि उरलेले आम्ल

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. पापडखारातही हेच रसायन असते. काच, साबण, कापड आणि कागद या चारही धंद्यांचे त्याच्यावाचून चालत नसे. पाठ्यपुस्तकात आपण तो दोन-तीन समीकरणांत शिकवून मोकळे होतो. त्या समीकरणांमागची गोष्ट मात्र सांगायची राहून जाते.

पूर्वी सोडा निसर्गातूनच मिळे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी उन्हाळ्यात आटले, की काठावर साचलेला खार लोक गोळा करीत. युरोपात स्पेनच्या किनाऱ्यावरील वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून सोडा काढीत. अठराव्या शतकात मागणी वाढली आणि राख पुरेना. तेव्हा मिठापासून सोडा बनवण्याच्या कृतीसाठी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने बक्षीस लावले.

निकोलस लब्लां या वैद्याने ती कृती शोधून 1791 साली तिचे पेटंट घेतले. मिठावर गंधकाम्लाची क्रिया करायची, मिळालेले सोडियम सल्फेट चुनखडी व कोळशाबरोबर भट्टीत भाजायचे आणि त्या राखेतला सोडा पाण्याने धुऊन घ्यायचा. पण लब्लांचा आश्रयदाता, ऑर्लिअन्सचा ड्यूक, 1793 मध्ये गिलोटिनखाली गेला आणि कारखाना सरकारजमा झाला. बक्षीस लब्लांला कधीच मिळाले नाही. 1806 साली त्याने आत्महत्या केली.

त्याची कृती मात्र इंग्लंडात फोफावली. आता समीकरणाची उजवी बाजू पाहू. 106 किलो सोड्याबरोबर 73 किलो हायड्रोक्लोरिक आम्ल आणि 72 किलो कॅल्शियम सल्फाइड तयार होते. म्हणजे हवा होता त्याहून नको असलेला मालच जास्त! आम्लाचा वायू धुराड्यातून सरळ हवेत सोडत. आसपासची झाडे करपत, पिके जात. सल्फाइडचे ढीग पावसात भिजले की कुजक्या अंड्यांचा वास सुटे.

1836 साली विल्यम गॉसेज याने कोक भरलेल्या मनोऱ्यात वरून पाणी सोडून हा वायू विरघळवण्याची युक्ती काढली. तरी बहुतेक मालकांना ती वापरण्याची गरज वाटली नाही. अखेर 1863 मध्ये ब्रिटिश संसदेने ‘अल्कली कायदा’ करून 95 टक्के आम्लवायू अडवण्याची सक्ती केली. पहिला निरीक्षक होता रॉबर्ट अँगस स्मिथ. ‘आम्लवर्षा’ हा शब्द आपण त्याच्यामुळेच वापरतो.

अडवलेले आम्ल सुरुवातीला ओढ्या-नद्यांत जाऊ लागले. हवेचे दुखणे पाण्यावर गेले, एवढेच. पुढे 1870 च्या सुमारास वेल्डन आणि डीकन यांच्या पद्धतींनी आम्लापासून क्लोरीन आणि क्लोरीनपासून ब्लीचिंग पावडर स्वस्तात होऊ लागली. कापड व कागद गिरण्यांना ती हवीच होती. टाकाऊ म्हणून सोडलेला माल आता नफा देऊ लागला.

दरम्यान बेल्जियममध्ये अर्नेस्ट सॉल्वे याने मीठ, अमोनिया आणि चुनखडी वापरून सोडा करण्याची पद्धत 1860 च्या दशकात यशस्वी केली. तीत अमोनिया पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि इंधन कमी लागते. तिच्यापुढे लब्लांची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास संपली. 1939 साली स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सने गुजरातेतील मिठापूरला हाच उद्योग उभा केला. पण सॉल्वेच्या पद्धतीतही 106 किलो सोड्यामागे 111 किलो कॅल्शियम क्लोराइड उरतेच.

आमची शिक्षकांना एक सूचना आहे. समीकरण फळ्यावर लिहिले, की मुलांना दोन हिशेब करायला लावा: उजव्या बाजूला नको असलेला पदार्थ किती किलो, आणि कारखान्याने तो कुठे ठेवावा? पहिल्याचे उत्तर अणुभारांवरून मिळेल. दुसऱ्यासाठी तासभर चर्चा लागेल. ती होऊ द्यावी.