इरावतीबाईंचा नकाशा आणि ठाणे जिल्ह्याची सरासरी

मानपाडा म्हटलं की ठाणेकराला घोडबंदर रोड आठवतो आणि डोंबिवलीकराला मानपाडा रोड. २०११च्या जनगणनेत हे दोन्ही मानपाडे एकाच ठाणे जिल्ह्यात होते, आणि जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडेही त्यातच. लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख, म्हणजे देशात पहिला नंबर! आता सांगा, या जिल्ह्याला मुलगा हवा की मुलगी? बाईनं एकटीनं बाजारात जावं की नाही? एका आकड्यात उत्तर द्या.

हसू नका मंडळी, असे आकडे काढले जातात. त्यामागची गोष्ट मात्र पुण्यातून सुरू होते.

'युगान्त'मुळे आपल्याला ठाऊक असलेल्या इरावती कर्वे मूळच्या मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजात. १९५३ साली त्यांचं 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' आलं. त्यात त्यांनी नात्यागोत्यावरून देशाचे चार पट्टे पाडले: उत्तर, मध्य, दक्षिण, पूर्व. प्रश्न साधे. कुणाला काय म्हणता? कुणाशी लग्न चालतं? उत्तरेत मुलगी परक्या गावात, परक्या माणसांत जाते. दक्षिणेत बऱ्याचदा ओळखीच्याच घरात. आपण मधल्या पट्ट्यात: मामाची मुलगी चालते, आत्याची बऱ्याच जातींत चालत नाही.

तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, टिम डायसन आणि मिक मूर यांनी नात्यांच्या याच फरकाला आकडे जोडले. परक्या घरात गेलेल्या बाईला बोलायला जागा कमी, म्हणून तिथे लग्न लवकर, मुलं जास्त आणि लहान मुली जास्त दगावतात, असा त्यांचा तर्क. राज्यवार आकडे बऱ्यापैकी जुळले. मला हा निबंध आजही आवडतो, पण त्यात एक राज्य म्हणजे एक ठिपका. डझन-दीड डझन ठिपक्यांवरून बायांच्या मनातलं ओळखायचं म्हणजे जरा धाडसच.

यातला धोका डब्ल्यू. एस. रॉबिन्सननं १९५०मध्येच दाखवला होता. अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेत, ज्या राज्यांत परदेशी जन्मलेले जास्त तिथे निरक्षर कमी. म्हणजे बाहेरून आलेले जास्त शिकलेले? उलट! माणसागणिक पाहिलं तर त्यांच्यातच निरक्षरता थोडी जास्त होती. ते फक्त शिकलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते. (डोंबिवलीत पाहुणे आले म्हणून कुणी डोंबिवलीकर होत नाही, तसंच.)

दुसरी गोष्ट बीडची. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८९४, २०११ मध्ये ८०७. दहा वर्षांत बीडची नातीगोती बदलली? नाही हो. मुलगा हवा ही इच्छा जुनीच होती, गर्भ आधी कळण्याची सोय हाताशी आली. महाराष्ट्राने याविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला होता, देशात पहिला, तरीही! म्हणजे आकड्यात दिसतं ते वागणं. इच्छा आणि सोय यांचा गुणाकार. नुसत्या आकड्यावरून 'तिथले लोकच तसे' म्हणणं म्हणजे आउटपुट बघून सोर्स कोड सांगण्यासारखं आहे.

असो. आता बहुस्तरीय मॉडेल वापरतात: बाई, तिचं गाव, तिचा जिल्हा, प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजायचा. जिथे नमुना लहान, तिथे एकूण सरासरीकडून थोडं उसनं घ्यायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईला विचारतात की बाजारात, दवाखान्यात, गावाबाहेर एकटीला जाऊ देतात का. अशी उत्तरं मॉडेलमध्ये घातली की बहुतेक वेळा दिसतं ते असं: दोन जिल्ह्यांत जेवढा फरक, त्याहून जास्त एकाच जिल्ह्यातल्या दोन घरांत.

तरी एक पेच उरतोच. माहेर सातारा, सासर मानपाडा, अशा बाईला कुठल्या रकान्यात टाकायचं? पाहणी तिला राहत्या घराच्या जिल्ह्यात मोजते. आणि जिल्हा तरी कुठे स्थिर आहे? १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, पण २०१५-१६ची पाहणी जुन्याच ठाण्यावर झाली. २०१९-२१च्या पाहणीत जव्हार-मोखाडा पालघरच्या खात्यात गेले. ठाण्यातल्या एकाही माणसानं मत बदललं नाही, तरी सरासरी हलणारच.