अफूबंदीची तारीख आणि शरीराची सवय

‘आबकारी’ म्हटलं की आपल्याकडे शिंदी आणि मोहाची दारू आठवते. पण ब्रिटिश हिंदुस्थानात अफूसुद्धा परवान्याच्या दुकानात विकली जाई आणि तिचा महसूल सरकारला मिळे. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना झोपवायला अफूची बाळगोळी देत.

स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरलं, की औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत बंद करायचा आणि त्यासाठी पुरवठा दरवर्षी दहा टक्क्यांनी घटवायचा. याच दहा वर्षांत, 1 नोव्हेंबर 1956 ला, हैदराबाद राज्य मोडलं. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. सरहद्द बदलली, पण अफूबंदीची तारीख दोन्हीकडे एकच राहिली: 31 मार्च 1959.

आता सांगा, तारीख आली म्हणून शरीराची सवय सुटते का? नाही सुटत. म्हणून नोंदणी झालेल्या व्यसनी माणसांना वैद्यकीय कारणावरून अफू मिळण्याची वाट ठेवावी लागली. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानेही कलम 71 मध्ये नोंदणीकृत व्यसनींच्या उपचाराची आणि पुरवठ्याची तरतूद ठेवली.

त्याच सुमारास शहरांत ‘गर्द’ आली. 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. गर्द सोडताना अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. या हालाला ती पोरं ‘टर्की’ म्हणत.

आज यावर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे. ती जिभेखाली ठेवतात. तिचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे तलफ आणि त्रास आटोक्यात राहतात. पण पहिली गोळी त्रास सुरू झाल्यावरच द्यायची. घाई केली तर हाल वाढतात. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. आणि काही दिवस सुटलेला माणूस पुन्हा जुन्या मापाने नशा करायला गेला, तर तेच माप जिवावर बेततं. म्हणून डोस डॉक्टरच ठरवतात आणि डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असं गावात म्हणतात. पण दुकानदार गिऱ्हाईक टिकवतो, डॉक्टर माणूस टिकवतो. 1949 च्या वेळापत्रकात टक्के होते, वर्षं होती; ज्याला सवय लागली त्याचं शरीर मात्र त्यात धरलेलं नव्हतं. घरातल्या पोराला खोलीत कोंडून ‘आता सुटेल’ म्हणणारे आपणही तीच चूक करतो.